ठाण्याच्या किल्ल्यातला तुरुंग

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह मुळात कारागृह म्हणून बांधलेलंच नाही. मराठ्यांच्या धास्तीने पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आतच, १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत मराठ्यांनी घेतला. १७७४च्या डिसेंबरात इंग्रज तोफा घेऊन आले. त्या वेढ्यात त्यांचा कमोडोर वॉटसन प्राणाला मुकला, पण किल्ला इंग्रजांचा झाला. मग शत्रूला बाहेर ठेवणाऱ्या तटाने माणसं आत कोंडायला सुरुवात केली.

इथला सर्वांत गाजलेला राजबंदी म्हणजे त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात. १८१५च्या जुलैत पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. आळ त्रिंबकजीवर आला आणि पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या दडपणापुढे नमून पेशव्याने त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. ठाण्यात त्याच्यावर फक्त गोऱ्या शिपायांचा पहारा होता. पण किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मोतद्दार मराठी होता. तो रोज साहेबाचा घोडा फिरवायला काढी आणि त्रिंबकजीच्या खिडकीखालून येता-जाता सहज काहीतरी गुणगुणत जाई. गाण्यात बाहेरचा निरोप असे. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते सगळं पडत होतं, पण मराठी एकालाही येत नव्हतं! १२ सप्टेंबर १८१६च्या रात्री त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला. ही हकिगत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली, खुद्द त्रिंबकजीच्या कबुलीच्या आधाराने. त्यात मोतद्दाराचं नाव मात्र नाही. मला ही उणीव फार लागते, कारण सगळा धोका त्यानेच पत्करला होता. त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडला गेला आणि त्याची रवानगी गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात झाली.

पुढच्यांना अशी वाट मिळाली नाही. सह्याद्रीत इंग्रजांना आणि सावकारांना जेरीस आणणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथेच फाशी झाली. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे, त्यांचे साथी कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर गेले. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते. तिघांचे देहही नातलगांना दिले नाहीत. अंदमानला जाण्याआधी सावरकरांचा मुक्कामही काही काळ याच तुरुंगात होता.

आजही हा चालता तुरुंग आहे. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त कैदी आत दाटीवाटीने राहतात आणि त्यांतले बहुतेक कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. त्यामुळे इतिहास पाहायला आत जावं म्हटलं तर सहज जाता येत नाही, आणि ते रास्तही आहे. पण तटाच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्यावरून वाचता येईल असा ठळक मराठी फलक लावायला काय हरकत आहे? त्यावर राघोजी, कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांच्या तारखा असाव्यात, आणि १८१६च्या त्या मोतद्दारासाठीही एक ओळ असावी.