दोन वर्षांत सहा पॉइंट, आणि लायसन्स रद्द

पुण्यात किंवा नाशकात पंधरा वर्षं सराईतपणे गाडी चालवलेला माणूस नोकरीसाठी ब्रिटनला जातो. तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने त्याला भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. पुढे मात्र तिथली परीक्षा द्यावीच लागते. ती पास झाली की कायद्याच्या दृष्टीने तो नवा ड्रायव्हर ठरतो. आधीचा अनुभव हिशेबात धरला जात नाही.

या 'नवेपणा'मागे १९९५ चा कायदा आहे. जून १९९७ पासून तो ग्रेट ब्रिटनमध्ये लागू आहे. पहिल्यांदा परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत केलेल्या गुन्ह्यांमुळे सहा किंवा जास्त पेनल्टी पॉइंट जमले, तर लायसन्स रद्द होतं. जुन्या ड्रायव्हरसाठी ही मर्यादा तीन वर्षांत १२ पॉइंटची असते.

सहा हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. वेगमर्यादा ओलांडली की किमान तीन पॉइंट आणि १०० पौंड दंड. लाल सिग्नल तोडला तरी तीन. गुळगुळीत टायरसाठीही प्रत्येकी तीन पॉइंट लागू शकतात. गाडी चालवताना फोन हातात धरला तर एकदम सहा पॉइंट आणि २०० पौंड! मार्च २०२२ पासून हा नियम आणखी कडक झाला. फोटो काढणं, गाण्यांची यादी चाळणं हेही त्यात आलं. सिग्नलला गाडी थांबलेली असली तरी सूट नाही. विम्याशिवाय गाडी चालवली तर किमान सहा.

आपल्याकडे ई-चलानचे पैसे भरले की बहुतेक वेळा विषय मिटतो. तिथे दंड भरल्यावरही पॉइंट नोंदीत राहतात. शिकाऊ लायसन्सवर लागलेले आणि अजून वैध असलेले पॉइंटही या सहांत धरले जातात.

तारखेचा घोळही समजून घ्यायला हवा. दोन वर्षं मोजताना गुन्हा कधी घडला ते पाहतात, निकाल कधी लागला ते नाही. त्यामुळे प्रकरण लांबवून सुटका होत नाही. लायसन्स रद्द करण्याचं काम न्यायालयाचं नसून स्वान्सी इथल्या डीव्हीएलए या सरकारी यंत्रणेचं आहे. तिच्यापुढे नोकरी जाईल, मुलांना शाळेत कोण सोडणार, अशा अडचणी मांडून उपयोग नसतो.

रद्द झाल्यावर पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा 'एल'ची पाटी, पुन्हा लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. पास झाल्यावरही जुने पॉइंट पुसले जात नाहीत.

पोलिसांची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नये. गाडी कोण चालवत होतं हे २८ दिवसांत कळवावं लागतं. न कळवल्यास त्याचेच सहा पॉइंट लागतात. म्हणून घर बदललं की गाडीच्या कागदपत्रांवरचा पत्ता लगेच बदलून घ्यावा. वेग थोडाच ओलांडला असेल, तर पोलीस पॉइंटऐवजी प्रशिक्षणवर्गाचा पर्याय देऊ शकतात. तो मिळाला तर जरूर घ्यावा. आपल्या नावावर किती पॉइंट आहेत हे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी फोन हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा.