पिंगुळीचं आंगण

चित्र लाकडी फळीला टेकवून उभं केलेलं असतं. आकार जेमतेम फूटभर उंच, त्याहून थोडा अधिक रुंद. दोन रथ, दोन वीर, एकमेकांकडे तोंड करून. चेहरे एका बाजूने काढलेले आणि डोळे टपोरे, सगळ्या चेहऱ्यावर तेवढेच दिसावेत असे. मागे डोंगर नाही, झाड नाही, आभाळ नाही. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत बाणांची रांग तशीच थांबलेली. सांगणारा जमिनीवर बसलेला आहे. शेजारी हुडूक, टाळ आणि वीणा घेतलेले साथीदार. हुडुकावर थाप पडते, कथेकरी वरच्या पट्टीत एक ओळ टाकतो, आणि थांबलेले बाण सुटतात.

चित्रात काहीच हललेलं नसतं. बाण गाण्यातून सुटतो, बघणाऱ्याचा डोळा त्याला चित्रातल्या बाणाची जागा देतो. सिनेमा यायच्या कितीतरी शतकं आधी आपल्याकडे ही युक्ती लोकांना अवगत होती. तिचं नाव चित्रकथी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळपासून तीन-चार किलोमीटरवर पिंगुळी आहे. मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडीकडे जाणारी वाहनं गावाजवळून सुसाट निघून जातात. आतल्या बाजूला वळलं की गुढीपूर ही ठाकर समाजाची वस्ती लागते. इथल्या परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि त्याला ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असं नाव दिलं. गुरं होती तिथे पोथ्या आल्या, कळसूत्री बाहुल्या आल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि जुनी वाद्यं आली. पाहुणे आले की याच वास्तूत खेळ होतो. कथा सांगितली जाते, बाहुल्या नाचतात, आणि शिकायचं असेल त्याला शिकवलंही जातं. २०२१ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत गंगावणे यांचं नाव पद्मश्रीसाठी आलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांनी पिंगुळी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

नावात ‘संग्रहालय’ न घालता ‘आंगण’ घातलं, ही निवड फार नेमकी आहे. कोकणी घरात वस्तू जपून ठेवायची जागा माळ्यावर असते किंवा माजघरात. अंगण असतं ते माणसं बसण्यासाठी. भात वाळतं तिथेच, लग्नाचा मांडव पडतो तिथेच, गणपतीत भजन होतं तेही तिथेच. या कलेला नेमकं तेच हवं होतं.

कारण ही कला घराबाहेरची. ठाकरांकडे ती कधीपासून आहे, याचं उत्तर सावंतवाडीच्या सावंत-भोसले राजघराण्याच्या आश्रयापाशी जाऊन पोचतं. या घराण्याने कलांना मनापासून जीव लावला. सावंतवाडीचे गंजिफे आणि लाकडी खेळणी आज जिवंत आहेत तीही त्याच राजवाड्यामुळे. ठाकरांना कथा सांगण्यासाठी गावं आणि देवळं नेमून दिलेली होती, असं समाजातली जुनी माणसं सांगत आली. नवरात्राच्या दिवसांत आपल्या वाटणीच्या देवळात जायचं, रात्री पोथी लावायची, मान घ्यायचा आणि पुढच्या गावी निघायचं. शिवाजी महाराजांच्या काळात हेच कलावंत गावोगाव फिरताना बातम्याही काढत, अशी आठवण समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कागदी पुरावा बाजूला ठेवला, तरी जो माणूस रोज नव्या गावात रात्री शंभर जणांपुढे बसतो त्याला गावाची बित्तंबातमी असणार, हे पटायला जड जात नाही.

कलेचं मूळ मात्र सावंतवाडीहूनही जुनं. कल्याणीच्या चालुक्य राजघराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा कोशासारखा ग्रंथ रचला. त्यात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. बंगालात पटुआ हेच काम गुंडाळीच्या पटावर करतात, राजस्थानात भोपे पाबूजीच्या फडासमोर करतात. पिंगुळीची रीत सुट्या चित्रांची. एकेका कथेची तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक चित्रं, त्यांचा मिळून एक गठ्ठा, आणि त्या गठ्ठ्याला म्हणायचं पोथी. तीत लिहिलेलं वाचायचं असं फारसं काही नसतं, तरी ती पोथीच. देवघरातल्या पोथीसारखीच सोवळ्याने हाताळायची. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे हातात धरायला पान जाड होतं आणि एका पानात दोन प्रसंग मावतात. रंग पूर्वी माती, दगड आणि झाडपाल्यातून घरीच तयार होत.

कथा रामायण-महाभारतातल्या, पण आपण पाठ्यपुस्तकात वाचल्या त्या नव्हेत. इथे पाताळातला महिरावण राम-लक्ष्मणाला पळवतो, बभ्रुवाहन आपल्याच बापाशी, अर्जुनाशी, लढतो, इंद्रजिताच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी सुलोचना समोर येते. मूळ ग्रंथाच्या कडेकडेने वाढलेल्या या कथा लोकांना जास्त आवडत, कारण त्यांत युद्ध आहे, जादू आहे आणि घरातला तंटाही आहे.

या चित्रांच्या वाट्याला मोठा अज्ञातवास आला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा चित्रांचा मोठा संग्रह आहे. दिनकर केळकरांना काही चित्रं पैठणकडून मिळाली, आणि अभ्यासकांनी या शैलीलाच ‘पैठण शैली’ म्हणायला सुरुवात केली. नाव रुजलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत ही चित्रं पोचली तीही त्याच नावाने. गोदावरीकाठचं पैठण आणि सह्याद्रीच्या पायथ्याचं पिंगुळी यांत अख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला, तरी वर्षानुवर्षं ही चित्रं पैठणचीच समजली गेली. केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांच्या हातून वाचलेल्या चित्रांनीही परक्या गावाच्या नावाखाली दिवस काढले. केळकरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी उचलली नसती तर यातली कितीतरी चित्रं आज बघायलाही मिळाली नसती. चित्र फाटलं की ते पाण्यात सोडायचं, अशीच या समाजातली जुनी रीत. देवाची वस्तू, ती कचऱ्यात कशी जाईल?

पण काचेआड गेलेल्या चित्राचं निम्मं अंग हरवतं. त्या चित्रात मागे डोंगर-झाडं का नाहीत, हे काचेपाशी उभं राहून कळत नाही. पिंगुळीत गाणं ऐकताना कळतं. पार्श्वभूमी कथेकऱ्याच्या तोंडी असते. अरण्य असेल तर अरण्य गायलं जातं, समुद्र असेल तर समुद्र. चित्रकाराने जागा मोकळी सोडली ती गाणाऱ्यासाठी. डोळे एवढे मोठे का, याचंही उत्तर तिथेच मिळतं: देवळात रात्री दिव्याच्या उजेडात बसलेल्या शेवटच्या माणसाला कोण कोणाकडे बघतंय हे कळायला हवं.

आणि म्हणूनच ही कला छोट्या जागेची आहे. फूटभर चित्रातला बाण पाचव्या-सहाव्या रांगेपलीकडे दिसेनासा होतो. मोठ्या सभागृहात हेच चित्र पडद्यावर मोठं करून दाखवता येतं, तसे प्रयोग होतातही. पण तेव्हा कथेकऱ्याचं बोट कुठे फिरलं ते प्रेक्षक बघत नाही, आणि त्या बोटातच तर निम्मी कथा असते. बोट रावणाच्या एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर सरकतं, तसा आवाज बदलतो. गोठ्याच्या मापाची जागा ही इथे अडचण म्हणून आलेली नाही; कलेचं मापच तेवढं आहे.

कळसूत्री बाहुल्यांचंही तसंच. बाहुली लाकडाची, उंची हातभराच्या आतबाहेर, अंगावर खरे कपडे, दागिने रंगवलेले. दोरे काळे, मागचा पडदाही गडद. दोरा पडद्यात विरून जातो आणि बाहुली आपल्या पायांवर आल्यासारखी येते. पहिला मान गणपतीचा. मग बाकीची पात्रं. दशावतारी नाटकं बघत वाढलेल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला आवाजातले हे चढउतार लगेच ओळखीचे वाटतात. राक्षस आला की ज्या पट्टीत गर्जना होते, ती जत्रेतल्या रंगमंचावरची आणि बाहुलीच्या पडद्यामागची, दोघी सख्ख्या बहिणी. ज्ञानेश्वरीत दोरीने चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या सामान्य श्रोत्याला बाहुलीचा खेळ इतका परिचयाचा होता की गहन तत्त्व समजवायला तो पुरे पडे. नाटकातल्या ‘सूत्रधार’ शब्दात बाहुलीचा दोरा दडला आहे असं मांडून भारतीय रंगभूमीचं मूळच बाहुल्यांच्या खेळात शोधणारे रिचर्ड पिशेल नावाचे जर्मन पंडित विसाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेले. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. पण पिंगुळीत दोरे धरणारा माणूस एकाच वेळी गातो, बोलतो, नाचवतो आणि साथीदाराला खुणेने ताल देतो, ते पाहताना पिशेलना असं का वाटलं असावं हे उमगतं.

तिसरा प्रकार चामड्याच्या बाहुल्यांचा. कातडं स्वच्छ करून, केस काढून, ताणून वाळवतात; ते इतकं पातळ करायचं की पलीकडून उजेड यावा. मग आकृती कापायची आणि दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची. पडद्यामागे दिवा लावला की रंगातून उजेड झिरपतो आणि भोकांचे ठिपके मोत्यांसारखे चमकतात. कर्नाटकातल्या तोगलू गोंबेयाटाशी या खेळाचं नातं उघड आहे. पूर्वी मागे तेलाचा दिवा असे. ज्योत जराशी हलली की राक्षसही हले, आणि पुढची मुलं आईच्या पदरात शिरत. विजेचा दिवा स्थिर जळतो. ती थरथर आता हाताने आणावी लागते. छायेच्या खेळाला अंधार लागतो. दिवसा पाहुणे आले तर दारं-खिडक्या लावून तो करावा लागतो.

याखेरीज राधेच्या वेशातला राधानाच आहे, सजवलेला बैल फिरवायचा पांगुळबैल आहे. एका समाजाने एवढे प्रकार सांभाळले, याचं कारण पोटाशी जोडलेलं होतं. वर्षभर फिरायचं तर ज्या गावाला जे रुचेल ते जवळ असलं पाहिजे.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झालं आणि आश्रयाची जुनी घडी विसकटली. पुढे गावोगाव सिनेमा पोचला, मग घराघरात टीव्ही आला. मणी कौल यांच्यासारख्या दिग्दर्शकाने १९७७ मध्ये ‘चित्रकथी’ या नावाचा माहितीपट केला. अभ्यासक येऊन गेले. पण अभ्यासकाच्या येण्याने चूल पेटत नाही. गावोगाव हिंडून कथा सांगणं हे भीक मागण्यासारखं समजलं जाऊ लागलं, तशी तरुण मुलं बाजूला झाली. यात त्यांचं काय चुकलं? ज्या कामाला गाव मान देईनासं झालं, ते पोराने का करावं?

गोठ्याचं संग्रहालय झालं त्याने इथेच फरक पडला. पूर्वी कला चालत गावात जायची. आता गाव चालत कलेकडे येतं: शाळेच्या सहली येतात, कोकण रेल्वेने कुडाळला उतरलेले पर्यटक येतात, कला महाविद्यालयांचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात. दाराशी येणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे सांगताना कलावंताची मान ताठ राहते. गंगावणे कुटुंबाची पुढची पिढीही या कामात उतरली आहे. बाहुल्यांच्या खेळात आरोग्य आणि स्वच्छतेसारखे विषयही आले. जुन्या मंडळींपैकी कोणाला ते खटकलं तर नवल नाही, पण कथेकरी नेहमीच आपल्या काळाचं बोलत आला आहे.

एक काळजी मात्र बोलून दाखवायला हवी. चित्रकथीचं चित्र आता स्वतंत्र विकलं जातं. चौकटीत बसून ते दिवाणखान्यात जातं, साडीवर आणि पिशवीवरही येतं. चित्रकाराच्या हातात पैसे पडतात, ही उत्तम गोष्ट. पण गाण्याला चौकट नाही. रात्रभर चालणारी पोथी पर्यटकांसाठी अर्ध्या तासाची होते, आणि न गायलेल्या ओळी पुढच्या पिढीच्या तोंडी बसत नाहीत. चित्र शिकायला येऊन राहणारी मुलं आहेत. सगळी पोथी तोंडपाठ करायला वर्षं लागतात. या कलेला मदत करू इच्छिणाऱ्याने चित्र जरूर विकत घ्यावं. त्याबरोबर एखादी रात्र काढून पूर्ण पोथी ऐकायची मागणीही करावी. ऐकणारा मिळाला की गाणाऱ्याला ओळी आठवतात.

अंगणात पोथी संपते तेव्हा बाहेर बहुतेक वेळा गाडीचा हॉर्न वाजत असतो, पाहुण्यांना गोव्याला पोचायचं असतं. मुलं बाहुल्यांच्या दोऱ्यांशी घुटमळतात. हुडूक खुंटीला लागतो. कथेकरी चित्रं गोळा करतो, एकेक पान नीट क्रमाने लावतो, पानाचा कोपरा वळला असेल तर अंगठ्याने सरळ करतो, आणि गणपतीचं चित्र सगळ्यांत वर येईल असा गठ्ठा कापडात बांधतो.