दार नसलेली गाडी: ४४० किलोच्या स्पोर्ट्‌स कारचा हिशोब

ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी दोन-तीनदा भरकटलो होतो, तेवढं कापलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

माझ्या गाडीचा फोटो टाकल्यापासून तुमचे मेसेज थांबत नाहीयेत. त्यातले चार प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "दादा, ही विंटेज आहे का?" "हे गो-कार्ट रस्त्यावर चालतं?" "पळते किती?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "आपल्याकडे अशी बनवता येईल का?" आज चारही प्रश्नांची उत्तरं देतो. आणि एक प्रश्न फक्त आईने विचारला, त्याचंही देतो.

आधी ओळख. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. गाडीचं नाव कॅटरहॅम सेव्हन १७०. ती मी शोरूममधून चालवत आणलेली नाही. सुटे भाग खोक्यांतून घरी आले आणि गॅरेजमध्ये मी ती जोडली. याला इथे किट कार म्हणतात.

दिसते जुनी, पण विंटेज नाही

माझ्या गाडीतला प्रत्येक भाग नवा आहे. जुना आहे तो आराखडा. १९५७ साली लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी आणली. कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन. त्याचं तत्त्व असं सांगतात, की आधी गोष्ट सोपी करा, मग तिच्यात हलकेपणा घाला. सेव्हन म्हणजे या तत्त्वाला लावलेली चार चाकं. लोखंडी नळ्या जोडून केलेला सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि दोन सीट. संपलं.

ती किटच्या रूपात का विकली? कारण होतं टॅक्स! तेव्हा ब्रिटनमध्ये तयार नव्या गाडीवर परचेस टॅक्स नावाचा जबर कर होता आणि सुट्या भागांवर तो लागत नसे. मग गिऱ्हाइकानेच घरी गाडी जोडायची. यावर एक किस्सा इथे सगळे सांगतात. जोडणीच्या सूचना दिल्या तर करसवलत जायची, म्हणून म्हणे कंपनी गाडी 'खोलायच्या' सूचना द्यायची आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचायचं. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण चॅपमनच्या डोक्याला शोभणारी गोष्ट आहे.

१९७३ साली परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि किटचा हा फायदा संपला. लोटसलाही आता मोठ्या, महागड्या गाड्यांकडे जायचं होतं. त्याच वर्षी सरे परगण्यातल्या कॅटरहॅम कार्स या विक्रेत्याने सेव्हनचे हक्क घेतले. तेव्हापासून आजतागायत ती बनतेच आहे. मध्ये इंजिनं बदलली, ब्रेक बदलले, सांगाडा मजबूत झाला. पण साठ वर्षांपूर्वीची सेव्हन शेजारी उभी केली तर बहिणी वाटतील.

पळते किती? आधी वजन विचारा

माझ्या गाडीत सुझुकीचं तीन सिलिंडरचं, ६६० सीसीचं टर्बो इंजिन आहे. मागचा ॲक्सलही सुझुकीचाच. ताकद ८४ हॉर्सपॉवर. आता तुम्ही म्हणाल, एवढीच?

बरोबर आहे. भारतात २०२४ साली आलेली नवी स्विफ्ट घ्या. तीही सुझुकी, तीही तीन सिलिंडर, ताकदही जवळपास तितकीच. पण स्विफ्टचं वजन सुमारे ९२० किलो आणि या गाडीचं ४४०. म्हणजे निम्म्याहूनही कमी. एका टनामागे ताकद काढली तर स्विफ्टला साधारण ८८ हॉर्सपॉवर येते आणि सेव्हनला १९०. म्हणून ही ताशी ९७ किलोमीटरचा वेग सात सेकंदांच्या आत गाठते.

वजन कमी झालं की बाकीची गणितंही बदलत जातात. ताशी १०० किलोमीटरवर चालकासह स्विफ्टमध्ये सुमारे ३८० किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबवायची तर ब्रेकना ती सगळी उष्णतेत घालवावी लागते. सेव्हनमध्ये ती दोनशेच्याही आत. म्हणून ब्रेक लहान चालतात. ब्रेक लहान म्हणून चाकं लहान, चाकं लहान म्हणून सस्पेन्शनच्या दांड्या बारीक, आणि हे सगळं हलकं म्हणून इंजिनही छोटं पुरतं. टायर फक्त १५५ मिलिमीटर रुंद आहेत, आपल्याकडच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकसारखे. स्टेअरिंगला पॉवरची मदत नाही आणि लागतही नाही, कारण पुढच्या चाकांवर भारच कमी.

उलटंही तितकंच खरं. ७० किलोचा मित्र शेजारी बसला की माझ्या गाडीचं वजन एका फटक्यात १४ टक्के वाढतं. ब्रेक कधी दाबायचा, हेसुद्धा मला बदलावं लागतं.

मात्र हिची एक दुखती नस आहे, वारा. आकार विटेसारखा. काच सरळ उभी, पुढची चाकं बाहेर, हेडलाइट बाहेर. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे शंभरच्या पुढे गाडीचा उत्साह मावळायला लागतो. कमाल वेग साधारण १७० किलोमीटर, पण तो पाहायची इच्छा मला कधी झाली नाही. खरी मजा आहे ताशी ५० ते ८० मध्ये. बूड जमिनीपासून वीतभर वर, पुढची चाकं वळताना डोळ्यांना दिसतात आणि रस्त्यावरची खडी मनगटाला कळते. लायसन्स धोक्यात न घालता पोट भरतं, हा मोठा फायदा आहे.

खोक्यांतून गाडी

सांगाडा आणि त्यावरचा पत्रा कारखान्यातून जोडूनच येतो. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, स्टेअरिंगचा दांडा, ब्रेक, दिवे, सीट हे सगळं तुम्ही बसवायचं. वेल्डिंग लागत नाही. एका गाडीपुरतं गॅरेज, पान्यांचा चांगला सेट, एक टॉर्क रेंच आणि इंजिन उचलायला भाड्याची क्रेन एवढं पुरतं. कंपनी ८० ते १०० तासांचा अंदाज देते. मी शनिवार-रविवार धरून काम केलं आणि पाच महिने घेतले.

टॉर्क रेंच म्हणजे किती जोर लावून नट आवळला ते सांगणारा पाना. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या पेंटची एक रेघ ओढायचो, अर्धी बोल्टवर आणि अर्धी पत्र्यावर. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. आजही लांब फेरीआधी मी टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटतो आणि रेघा बघतो. पुढचं चाक ज्या बोल्टांनी धरून ठेवलंय ते मी स्वतः आवळलेत, हे माहीत असलं की माणूस जरा वेगळ्या गंभीरपणे गाडी चालवतो.

मग येते सरकारी परीक्षा. घरी जोडलेल्या गाडीला इथे आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. ही एकेका गाडीची स्वतंत्र मंजुरी. ब्रेक, दिवे, आरसे, पट्ट्यांचे जोड, आवाज, धूर सगळं बघतात. पादचाऱ्याला लागू शकेल अशी कुठलीही कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी, म्हणून लोक नटांवर रबरी टोप्या चढवून नेतात. पास झालात की मग नोंदणी आणि नंबरप्लेट. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, हे 'गो-कार्ट' रस्त्यावर पूर्ण कायदेशीर चालतं.

रोजचं जगणं

आता हौसेची किंमत. दारं म्हणजे काढता येणारे दोन मऊ पडदे. टप आहे, पण तो टिचबटणांनी लावायचा, आणि इंग्लंडमधला पाऊस तुमची बटणं लागेपर्यंत थांबत नाही. टप लावून आत शिरणं म्हणजे झोपेच्या पिशवीत शिरण्यासारखं. पेडल इतके जवळजवळ आहेत की रुंद बूट चालतच नाहीत, पातळ तळव्यांचे वेगळे बूट ठेवावे लागतात. सेव्हनच्या बऱ्याच मॉडेलांत सायलेन्सर गाडीच्या बाजूने जातो. उतरताना पोटरी टेकली तर शिक्का बसतो. मोटरवेवर वाऱ्याचा आवाज एवढा, की मी इअरप्लग घालतो. सामान? दोन छोट्या सॅक, त्याही मऊ.

हिवाळ्यात इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्येच. तेवढ्या काळापुरती 'गाडी रस्त्यावर नाही' अशी सरकारकडे नोंद केली की रोड टॅक्स लागत नाही. थोडक्यात, ही दुसरी गाडी आहे. घरची कामं आमची साधी हॅचबॅक करते.

आईचा प्रश्न

व्हिडिओ कॉलवर आईला गाडी दाखवली. तिने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "अरे, दार नाही होय हिला? कुणी ठोकलं तर?"

या प्रश्नाला गोड उत्तर नाहीये. गाडीत एअरबॅग नाही. एबीएस नाही. आहे काय, तर मागे उलटण्यापासून वाचवणारी नळी आणि पट्टा. आणि जो हलकेपणा वळणावर सुख देतो, तोच टकरीत घात करतो. चालकासह माझी गाडी ५१० किलोची आणि समोरची एसयूव्ही दोन टनांची. समोरासमोर धडक झाली, तर माझ्या वेगात तिच्यापेक्षा जवळपास चौपट बदल होईल. शरीराला इजा करतो तो हाच अचानक बदल. शिवाय मी इतका खाली बसलेला असतो, की शेजारच्या ट्रकचं चाक माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतं. ट्रकवाल्याला मी दिसतो असं धरून चालणं म्हणजे आत्महत्या.

आधुनिक गाड्या जड का झाल्या, त्याचं मोठं कारण हेच आहे. त्या वजनात एअरबॅग आहेत, दारातले लोखंडी दांडे आहेत, चुरगळून धक्का पिणारं नाक आहे. त्यांनी लाखो जीव वाचवलेत. म्हणून "पूर्वीच्या गाड्याच खऱ्या" असलं मी बोलत नाही. या गाडीत तुम्ही सुरक्षेची यंत्रणा बाहेर काढता आणि तिची जागा तुमचं लक्ष घेतं. लक्ष ढळलं की मागे दुसरं काही उभं नाही.

मग मी काय करतो? बायकोने आणि मी मिळून नियम ठरवलेत. रात्री नाही. पावसात मोटरवे नाही. ट्रकच्या बाजूने रेंगाळायचं नाही, एकतर मागे नाहीतर पटकन पुढे. दमलो असेन तर किल्लीला हात नाही. जोरात चालवायचं असेल तर ट्रॅक डेला जायचं, तिथे समोरून कुणी येत नाही. आणि आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, ती या गाडीत फक्त गॅरेजमध्ये बसते. ती दर आठवड्याला विचारते. मी दर आठवड्याला नाही म्हणतो. माझा धोका मी पत्करू शकतो, तिच्या वतीने पत्करायचा अधिकार मला नाही. आईलाही हेच सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, पण नियम तिने वहीत लिहून घेतले आणि आता ती फोनवर तपासते.

आपल्याकडे जमेल का?

रस्त्यासाठी विचारत असाल, तर सरळ सांगतो, नाही. इथल्या आयव्हीएसारखी घरगुती गाडीला एकेकटी मंजुरी देणारी सोपी वाट आपल्याकडे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय त्यातलीच एक. हा खर्च आणि खटाटोप हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला परवडतो, एकट्या माणसाला नाही. जुनी गाडी कापून नवी करावी म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. यूट्यूबवर 'मॉडिफाय' करून देणारे भेटतील, पण पैसे देण्याआधी हे लक्षात ठेवा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

पण गाडी बनवायचीच असेल, तर रस्ता सोडून दुसरी जागा आहे. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारतच्या टीममध्ये शिरा. तिथे हेच सगळं आहे: नळ्यांचा सांगाडा, वजनाचा ग्राम-ग्राम हिशोब, तपासनीसासमोर ठेवायची गाडी. शिवाय खर्च दहा-वीस जणांत वाटला जातो आणि बोल्ट तपासायला दुसरे डोळे असतात. इंजिनिअरिंगला नसाल तर एखाद्या रविवारी गो-कार्ट ट्रॅकवर जा. तीन-चार फेऱ्या झाल्या, की आधी तुमच्यापेक्षा दहा किलो जड आणि मग दहा किलो हलक्या मित्राबरोबर शर्यत लावा. वजन म्हणजे काय ते माझ्या पाऊण तासाच्या बडबडीपेक्षा तिथे जास्त कळेल.

पुढच्या भागात टायरवर बोलू. साईडवॉलवरचे आकडे कसे वाचायचे आणि जुना टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये यासाठी काय बघायचं. तोवर तुमच्या गाडीच्या, बाईकच्या टायरचा फोटो काढून ठेवा, त्यावरच शिकू. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवलेत तर उत्तम. भेटू!