रोग्याच्या दारी वैद्यकाचे पाठ

इंदूरच्या वायव्येस हातोद नावाचे लहानसे गाव आहे. समजा, तेथील एखादी शेतकरीण सोयाबीनची कापणी आटोपून, महिनाभराची कसकस अंगात घेऊन इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात आली. ती बोलते माळवी. समोरचा तरुण डॉक्टर जे शिकला ते इंग्रजीत. क्षयाची सर्व लक्षणे त्याला मुखोद्गत आहेत. परंतु ‘घरात आणखी कोणाला खोकला आहे का?’ एवढे विचारावयाचे राहून गेले, तर तिच्या सुनेचा वा नातवाचा आजार तसाच दडून राहील. वैद्यकाच्या शिक्षणपद्धतीचा वाद असा थेट कुणाच्या तरी माजघरापर्यंत पोहोचतो.

इंदूरची ह्या बाबतीतली परंपरा जुनी. 1878 साली तेथे वैद्यकीय शाळा निघाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल ह्या नावाने ओळखली गेली. 1948 मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. अशा संस्थांतून शिक्षणाचा क्रम सामान्यतः ठरलेला असे: आधी शवविच्छेदन व शरीरक्रियाशास्त्र, आणि रोग्याच्या खाटेपाशी प्रवेश त्यानंतर. अमेरिकेत फ्लेक्सनर ह्यांनी 1910 मध्ये लिहिलेल्या अहवालाने हा क्रम अधिकच दृढ केला. त्यात गैर काही नव्हते. तिकडच्या कित्येक निकृष्ट शाळा त्यामुळेच बंद पडल्या. मात्र जिवंत माणूस समोर येईतो विद्यार्थ्याच्या अंगी पाठांतर पुरते मुरलेले असे.

1969 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात, व्याख्यानांऐवजी एखाद्या रुग्णाची समस्या घेऊन लहान गटांत शिकण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. सुशीला नय्यर ह्यांनी सेवाग्राम येथे महाविद्यालय काढले. तेथील पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एखाद्या खेड्यात मुक्कामास जातात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस पुढेही करीत राहतात. जगात बोलबाला मॅकमास्टरचा झाला; मला सेवाग्रामचा मार्ग अधिक मोलाचा वाटतो.

2019 मध्ये आपल्या देशातील अभ्यासक्रम बदलला. विद्यार्थ्यास काय ठाऊक आहे एवढेच न पाहता, त्यास काय करता येते हे तपासावयाचे ठरले. रुग्णदर्शन पहिल्या वर्षापासून, आणि रुग्णाशी बोलावे कसे हाही अभ्यासाचाच भाग. 2022 पासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे आरोग्यासाठी दत्तक घ्यावयाची पद्धत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मध्य प्रदेशाने पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत आणली. ती वाचून माळवी कळेलच असे नाही, पण निदान घराकडे तोंड झाले!

अडचण आहे ती निराळीच. दोनशे-अडीचशे विद्यार्थ्यांच्या वर्गात कौशल्याची परीक्षा नोंदवहीतल्या सह्यांवर येऊन ठेपते. वही भरते, हात कच्चा राहतो. सही करणाऱ्या अध्यापकाने विद्यार्थ्याबरोबर एखाद्या घराच्या ओट्यावर अर्धा तास बसावयास हवे. त्या शेतकरणीला प्रश्न कसा विचारावा, आणि तिचे उत्तर येईपर्यंत गप्प कसे राहावे, हे त्या मुलास तेथेच पाहावयास मिळेल.