इंग्रजीची जोडअक्षरे : मुके ‘जी-एच’ कधीकाळी बोलत होते

गेल्या आठवड्यात आपण ‘के-एन’ने सुरू होणारे शब्द पाहिले. या आठवड्याची जोडी त्याहून अवघड, पण माझ्या मते इंग्रजी स्पेलिंगमधली सर्वांत जास्त इतिहास सांगणारी आहे : ‘जी-एच’. नाइट, लाइट, राइट, डॉटर, नेबर, एट. सगळे रोजच्या वापरातले शब्द. प्रत्येकात ‘जी-एच’ लिहायचे आणि एकातही म्हणायचे नाही. देवनागरीत लिहिलेले अक्षर वाचायचेच असते, त्यामुळे आपल्या मुलांना हा जाच वाटतो. त्यांनी कारण विचारले की बहुतेकदा उत्तर मिळते, ‘ते सायलेंट आहे, पाठ करा.’ एवढ्यावर मुलांची बोळवण करू नये. ही अक्षरे जन्मतः मुकी नव्हती.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये रात्रीला साधारण ‘निख्त’ म्हणत. त्यातला ‘ख’ घशातून घासत येणारा, उर्दू जाणणारे ‘खबर’ म्हणताना काढतात त्याच्या जवळचा. जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो आणि स्कॉटलंडच्या बोलीत ‘निख्त’ अजून ऐकू येते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर लेखनावर फ्रेंच वळणाची छाप पडली आणि हा घशातला आवाज दाखवायला पुढे ‘जी-एच’ ही जोडी रुळली. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यातून तो आवाज गळत गेला. पण याच काळात छापखाना आला आणि जुनी स्पेलिंगे हळूहळू कायम झाली. आवाज गेला, त्याची खूण कागदावर राहिली. काही शब्दांत तो गेला नाही, त्याचा ‘फ’ झाला : लाफ, कफ, रफ, टफ, इनफ.

ही खूण मराठी वाचकाला विशेष उपयोगी आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे मांडले; इंग्रजी ज्या जर्मॅनिक कुळातली, त्याचेही मूळ तेच असावे असे त्यांनी सुचवले. आता शब्द शेजारी ठेवून पाहा. नाइट म्हणजे रात्र, संस्कृतात नक्त. दिवसा उपवास करून रात्री जेवण्याला आपण नक्त म्हणतो, तोच हा शब्द. एट म्हणजे अष्ट. डॉटर म्हणजे दुहिता. वजनाने हलका या अर्थाचा लाइट आपल्या ‘लघु’चा नातेवाईक आहे. (प्रकाशाचा लाइट वेगळ्या मुळाचा, त्याचे नाते ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूशी.) नक्तमधल्या ‘क’च्या जागी जर्मॅनिक भाषांत घासता आवाज आला, म्हणून निख्त, आणि तो आवाज हरवला, म्हणून आजचे नाइट. ‘जी-एच’ काढून टाकले असते, तर ही नाती डोळ्यांना दिसलीच नसती.

याच गटातल्या काही शब्दांचे अर्थ मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. ‘के’ने सुरू होणारा नाइट म्हणजे सरदार किंवा योद्धा, पण मुळात तो ‘क्निख्त’, म्हणजे पोरगा, चाकर. धन्याच्या घोडदळात लढता लढता शब्दाचा दर्जा वाढला. नॉटी आज खोडकर. तो ‘नॉट’ म्हणजे शून्य, काहीच नाही, यापासून आला. आधी अर्थ कफल्लक, मग दुष्ट, आणि शेवटी लाडाने म्हणायचा द्वाड. नेबर म्हणजे जवळ राहणारा. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. जुने जर्मॅनिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजत. आणि नाइटमेअरमधला ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे, तर झोपलेल्याच्या छातीवर बसणारी दुष्ट शक्ती.

काही शब्दांत मात्र हा आवाज कधीच नव्हता. डिलाइट, म्हणजे आनंद, जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात ‘जी-एच’ नव्हते. लाइटच्या देखादेखी ते सोळाव्या शतकात घुसवले गेले. हॉटी, म्हणजे गर्विष्ठ, हाही फ्रेंच ‘उंच’वरून आलेला, त्यातलेही ‘जी-एच’ मागाहून आले.

शब्दाच्या सुरुवातीला ‘जी-एच’ आले की प्रकरण पूर्ण वेगळे. तिथे ते कधीच मुके नसते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याआधी तो बरीच वर्षे फ्लँडर्समध्ये, ब्रूज शहरात होता. भुताला इंग्रज ‘गास्ट’, ‘गोस्ट’ म्हणत आणि त्यात ‘एच’ लिहीत नसत. फ्लेमिश लोक मात्र लिहीत. ते वळण कॅक्स्टनच्या छपाईत उतरले. त्याने गूज, म्हणजे हंस, याच्या स्पेलिंगमध्येही ‘एच’ छापले होते. ते टिकले नाही, घोस्टमधले टिकले. मग गॅस्टली, म्हणजे भयाण, आणि अगॅस्ट, म्हणजे भीतीने थक्क, यांतही ते गेले.

इटालियन लिपीत ‘जी’पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला की ‘ज’ होतो. ‘ग’ राहावा म्हणून मध्ये ‘एच’ घालतात. स्पॅगेटी आणि गेटो तसेच इंग्रजीत आले. गेटो हे व्हेनिसमधल्या त्या वस्तीचे नाव, जिथे १५१६ पासून ज्यूंना कोंडून ठेवले गेले. आपल्याकडून गेलेले घाट आणि घी यांत मात्र ‘जी-एच’ म्हणजे चक्क आपला ‘घ’, जो इंग्रजांच्या तोंडी ‘ग’ होतो. हिंदी-बंगालीतली डिंगी म्हणजे छोटी होडी. तिचा ‘ग’ कुणी ‘ज’ वाचू नये म्हणून तिथेही ‘एच’ बसवला गेला.

मुलांना हे शब्द एकत्र पाठ करायला देऊ नका. निख्तवाले, मागाहून घुसलेले आणि सुरुवातीला ‘ग’ म्हणणारे, असे वेगळे काढून द्या. ‘ओ-यू-जी-एच’ ही चौकडी मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. दो, थ्रू, थॉट, बाउ, रफ असे तिचे निरनिराळे उच्चार आहेत; तिच्यासाठी पुढचा पूर्ण आठवडा.