गोष्टीतल्या इंजिनांचे खरे दुखणे

वाफेच्या इंजिनांच्या गोष्टी टिकल्या त्या गतकाळाच्या ओढीमुळे, हे म्हणणे पटत नाही. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने ऑगस्ट 1968 मध्ये हटली. थॉमस या गोष्टीतल्या इंजिनावर जीव टाकणाऱ्या आजच्या बहुतेक ब्रिटिश मुलांच्या आईवडिलांनीही ती रोजच्या कामात पाहिलेली नाहीत. मग हुरहुर कशाची? खरे कारण थॉमसच्या गोष्टींचे लेखक रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री यांच्या काटेकोरपणात आहे. पहिले पुस्तक 1945 चे. त्यांच्या इंजिनांची दुखणी यंत्राचीच असतात. हेन्री अशक्त, कारण त्याची भट्टी लहान. वेल्समधला उत्तम कोळसा मिळताच तो तरतरीत होतो. मुलाला हा आजार वाटतो, रेल्वेच्या छंदिष्टाला ज्वलनाचे गणित, आणि दोघेही बरोबर असतात.

यावर कोणी म्हणेल, मुलांना भुरळ पडते ती चेहऱ्याची, भट्टीची नव्हे. पण चेहरे याच गोष्टींतल्या डिझेल इंजिनांनाही आहेत! वाफेच्या इंजिनाचे बरेचसे काम उघड्यावर चालते: दांडे हलतात, चाके फिरतात, धूर आणि सुस्कारे निघतात. डिझेलचे सारे पत्र्याआड. शिवाय या गोष्टींना खरे रूळ आहेत. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात अशी पहिलीच. पुढच्या वर्षी ऑड्री तिथे गार्ड म्हणून राबले. एकदा तर उपाहाराची व्यवस्था पाहणाऱ्या बाई स्टेशनातच राहिल्या आणि यांनी गाडी सोडली. त्या फजितीचीही त्यांनी गोष्ट केली.