रोजा, नमाज आणि एक अडलेला कागद

रमजानमध्ये आम्ही दिवसा रोजा धरतो, रात्री तरावीहच्या नमाजला उभे राहतो. पण विधवा आणि गरिबांसाठी जो धावपळ करतो, त्याचा दर्जाही अखंड रोजा धरणाऱ्या, रात्रभर नमाज पढणाऱ्याचाच, असे पैगंबरांनी सांगून ठेवले आहे. ही हदीस ऐकली की मला सैनिक कल्याण कार्यालयातला कल्याण संघटक आठवतो.

हा माणूस बहुधा स्वतःच माजी सैनिक. गणवेश उतरला, ड्यूटी सुटली नाही. डिस्चार्ज बुकात बायकोचे नाव एक, आधारवर दुसरे; एवढ्यावरून पेन्शन अडते. ती नावे जुळवून देणे हीच त्याची लढाई. देऊळगाव राजाला जालना जवळ, बुलढाणा लांब. जिल्ह्याचा कागद मात्र बुलढाण्यालाच. म्हातारीने किती खेटे घालायचे?

१९४९पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी जमतो, तो अशाच घरांसाठी. त्या डब्यात पैसे टाकणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही.

आपल्या गल्लीत सैनिकाची विधवा असेल, तर इफ्तारचे ताट जरूर पाठवा. पण एक दिवस तिचे कागद घेऊन तिच्यासोबत बुलढाण्यालाही जा.